वर्गात पेंगणारं मूल, रात्रीची गाढ झोप आणि शरीराचं तापमान



आजचा विषय पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या एका पाठाचा नाही. पण आपल्या प्रत्येक वर्गात रोज दिसणारा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकणारं मूल आपण सगळ्यांनीच पाहिलंय. आपण काय करतो? "ऊठ, तोंड धुऊन ये" म्हणतो. फारच झालं तर "घरी झोपत नाहीस का रे?" असं विचारतो आणि उत्तर न ऐकताच फळ्याकडे वळतो. मीही तेच करत होते.

जूनच्या मध्यात शाळा उघडते तेव्हा आमच्या भंडारदरा परिसरात काजव्यांचा हंगाम संपत आलेला असतो. शेंडीपासून रतनवाडी, घाटघरपर्यंत रात्री गाड्यांची रांग असते. मुंबई, पुणे, नाशिकची माणसं काजवे बघायला येतात. इथल्या अनेक घरांना त्या तीन-चार आठवड्यांत तंबू, जेवण, चहा यांतून चार पैसे मिळतात. पावसाळ्यात भाताची आवणी सुरू व्हायच्या आधी हातात आलेला तो पैसा असतो, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा त्या दिवसांत रोज पेंगायचा. मी त्याला दोनदा सगळ्यांसमोर बोलले. वहीत "अभ्यासात लक्ष नाही" असा शेराही लिहिला. मग एके दिवशी त्याची आजी शाळेत आली. म्हणाली, "बाई, पोराला बाहेरचं झालंय जणू. निजला का तासा-दीड तासानं किंचाळत उठतो. डोळं उघडं, पर वळखत न्हाई. सकाळी इचारलं तर म्हनतो मला काय ठावं न्हाई." तिला भगताकडे जायचं होतं. शाळेतून एक दिवसाची सुट्टी मागायला आली होती.

मी तिला ओट्यावर बसवलं आणि विचारत गेले. पोरगं संध्याकाळी शाळेतून आलं की दोन तास झोपतं. आठला उठून तंबूवर जातं, पाणी-ताटं देतं. अंथरुणाला पाठ लागते ती साडेबारा-एकला. आणि सकाळी सहाला परत उठतं. म्हणजे वर्गात पेंगणं आणि रात्री किंचाळणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. दोन्हींचं मूळ एकच होतं. ते समजून घ्यायला मी जे वाचलं आणि वर्गात मुलांबरोबर जे करून पाहिलं, ते इथे सोप्या शब्दांत मांडते.

गाढ झोप म्हणजे नक्की काय?

झोप म्हणजे दिवा विझवल्यासारखं मेंदू बंद होणं, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. जर्मनीच्या येना शहरातले डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूतले विजेचे सूक्ष्म बदल पहिल्यांदा नोंदवले. त्यालाच आपण आज ईईजी म्हणतो. पुढे झोपेतही अशा नोंदी झाल्या, तेव्हा कळलं की रात्रभर मेंदूचं काम चालूच असतं, फक्त त्याची चाल बदलत राहते.

जागेपणी मेंदूच्या लहरी बारीक आणि भरभर असतात. झोप लागली की त्या हळूहळू मंद आणि उंच होतात. सगळ्यात खोल टप्प्यात तर एका सेकंदाला एक-दोनच मोठ्या लहरी येतात. ढोलाच्या संथ ठोक्यासारख्या. म्हणून या झोपेला मंद लहरींची झोप म्हणतात. आपण बोलताना तिलाच गाढ झोप म्हणतो. मूल या झोपेत असताना गाडीतून उतरवून घरात आणून अंथरुणावर टाकलं, तरी त्याला पत्ता लागत नाही. ती हीच.

दुसरी एक झोप असते, ज्यात बंद पापण्यांच्या आत डोळे भरभर हलतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. १९५३ मध्ये अमेरिकेत युजीन अॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली. तिला आपण स्वप्नझोप म्हणू.

मोठ्या माणसात हलकी झोप, गाढ झोप, पुन्हा हलकी आणि मग स्वप्नझोप, असं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं. रात्रीत अशी चार-पाच चक्रं होतात. पण सगळी चक्रं सारखी नसतात. गाढ झोप बहुतेक करून रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात उरकते. स्वप्नझोप पहाटेकडे वाढत जाते.

लहान मुलांत गाढ झोप भरपूर असते, आणि किशोरवयात ती बरीच कमी होते. वाढीसाठी लागणाऱ्या संप्रेरकाचा मोठा स्राव पहिल्या गाढ झोपेच्या वेळी होतो. दिवसभरात शिकलेलं पक्कं बसण्याशीही या झोपेचा संबंध आहे. "पोर झोपेत वाढतं" असं आपल्या घरातल्या बायका म्हणतात, त्यात तथ्य आहे. मात्र चार रात्री जागरण झालं म्हणून उंची खुंटेल, असा घाईचा निष्कर्ष काढून पालकांना घाबरवू नये.

झोपेची भूक आणि शरीराची घंटा

झोप कधी लागते आणि किती गाढ लागते, हे दोन गोष्टी मिळून ठरवतात. झ्युरिचचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये ही मांडणी केली. ती मला शाळेच्या पोषण आहारावरून समजावायला सोपी जाते.

मुलांना खिचडी कधी हवीशी वाटते? एक म्हणजे पोटात भूक असते. सकाळी खाऊन जितका वेळ झाला, तितकी ती वाढते. दुसरं म्हणजे सुट्टीची घंटा. रोज त्याच वेळी ती वाजते, म्हणून त्या वेळेला खाण्याची तयारी होते.

झोपेचंही असंच आहे. जितका वेळ आपण जागे, तितकी मेंदूत झोपेची भूक साचत जाते. ही भूक भागवायचं काम प्रामुख्याने गाढ झोप करते. म्हणून ती रात्रीच्या सुरुवातीलाच येते. भुकेलेला माणूस पहिले घास मोठे घेतो, तसंच हे. आणि जास्त जागरण झालं की पुढची गाढ झोप आणखी खोल होते.

घंटा म्हणजे शरीरातलं घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक बारीक पुंजका आहे. तो चोवीस तासांच्या आसपासचा ताल धरून असतो. बाहेरच्या उजेडावरून तो रोज स्वतःची वेळ जुळवून घेतो. हा ताल पेशींच्या आत कसा चालतो, हे फळमाशीवर काम करून शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आता संध्याकाळी दोन तास झोपणाऱ्या त्या मुलाकडे परत बघा. जेवणाच्या तासभर आधी वाटीभर भेळ खाल्ली तर जेवण जात नाही ना? संध्याकाळची लांब झोप तेच करते. साचलेली भूक आधीच अर्धी भागते, आणि रात्री लवकर निजायची संधी मिळाली तरी झोप येत नाही.

यात तापमान कुठे आलं?

आपण मुलांना शिकवतो की निरोगी माणसाचं तापमान ९८.६ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस असतं. हे सरासरीचं उत्तर झालं. प्रत्यक्षात आतलं तापमान दिवसभरात साधारण एक अंश सेल्सिअसच्या आसपास वरखाली होतं. दुपार उतरताना आणि संध्याकाळी ते सगळ्यात जास्त असतं. रात्री उतरत जातं आणि नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी सुमारे दोन तास सगळ्यात कमी होतं. मग पुन्हा चढू लागतं. "ताप संध्याकाळी चढतो" हा प्रत्येक आईचा अनुभव आहे. त्यामागे हाच रोजचा चढ असतो, आजारपणात तो जास्त ठळक दिसतो.

हा चढउतार फक्त दिवसाच्या धावपळीमुळे होतो का? नाही. १९३८ मध्ये क्लाइटमन आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे ना दिवस, ना रात्र. गुहेतलं तापमान १२ अंश सेल्सिअसच्या आसपास, कायम तेवढंच. त्यांनी २८ तासांचा दिवस पाळून बघितला. विद्यार्थ्याचं शरीर त्या नव्या दिवसाला बरंचसं सरावलं. क्लाइटमन यांचं तापमान मात्र चोवीस तासांच्याच तालावर चढत-उतरत राहिलं. सूर्य दिसत नसतानाही शरीर आपली वेळ सांभाळत होतं.

आता झोप आणि तापमान जोडून पाहू. शरीर आतून थंड होऊ लागलं की झोपेचं दार उघडतं. आतली उष्णता बाहेर टाकायची कशी? तळहात आणि तळपाय यांतून. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी गरम होते आणि उष्णता हवेत जाते. झोपेला आलेल्या बाळाचे हात-पाय गरम लागतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कुर्ट क्रॉइखी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' नियतकालिकात हेच दाखवलं, की ज्यांचे पाय उबदार होते त्यांना झोप लवकर लागली.

झोप लागल्यावर, विशेषतः गाढ झोपेत, मेंदू शरीराचं तापमान आणखी थोडं खाली ठेवतो. म्हणजे उतरतं तापमान झोपेला बोलावतं आणि झोप तापमानाला आणखी उतरवते. दोघं हातात हात घालून चालतात. तापमान तळाला पोहोचून परत चढायला लागतं, तेव्हा गाढ झोप बहुतेक संपलेली असते आणि स्वप्नझोपेचा जोर असतो.

स्वप्नझोपेत शरीराची स्वतःला ऊब देण्याची यंत्रणा ढिली पडते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत धरणाच्या बाजूने वारा सुटतो आणि पहाटे बाहेरही सगळ्यात जास्त थंडी असते. अशा वेळी अंगावरची वाकळ लाथाडलेलं मूल गारठतं आणि त्याची झोप मोडते. आई पहाटे उठून त्याच्या अंगावर वाकळ ओढते, ती अगदी योग्य वेळी. वसतिगृहात मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षकांनीही हे लक्षात ठेवावं. फेरी एकदाच मारायची असेल तर पहाटेची मारावी.

गैरसमज आणि वस्तुस्थिती

*मध्यरात्रीच्या आधीची झोप दुप्पट मोलाची.* हे अर्धवट खरं आहे. गाढ झोप घड्याळातले बारा बघून येत नाही. ती झोप लागल्यानंतरच्या पहिल्या तासांत येते. एकला निजलेल्या मुलालाही गाढ झोप मिळते. पण सहाला उठवल्यामुळे शेवटचे तास कापले जातात, म्हणजे मुख्यतः हलकी झोप आणि स्वप्नझोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी, असं झोपतज्ज्ञ सांगतात. पाच तासांत ती कशी बसवणार? लवकर निजण्याची जुनी शिकवण बरोबरच आहे, कारण सकाळची उठायची वेळ ठरलेली असते.

*तळपायाला काशाच्या वाटीने तेल चोळलं की अंगातली उष्णता निघते.* चोळण्याने तळव्यांना ऊब येते, मूल शांत होतं, आई जवळ बसलेली असते. झोप यायला याची मदत होणं सहज शक्य आहे. मात्र तेल काळं पडतं ते उष्णता बाहेर आली म्हणून नाही. तेल आणि धातू एकमेकांवर घासल्याने ते होतं.

*कोमट पाण्याने अंघोळ केली तर अंग तापेल आणि झोप उडेल.* उलट आहे. निजण्याच्या तास-दोन तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केली, किंवा नुसते हात-पाय धुतले, तर कातडीकडे रक्त येतं आणि नंतर उष्णता लवकर बाहेर पडते. झोप लागायला सोपं जातं.

*उकाड्यात झोप लागली तरी पुरे.* नाही. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत छप्पर तापलेलं असतं. हवाच गरम असली तर शरीर उष्णता टाकणार कुठे? मूल वारंवार जागं होतं, गाढ झोप आणि स्वप्नझोप दोन्ही घटतात. विदर्भ-मराठवाड्यात माणसं गच्चीवर, अंगणात निजतात, त्यामागे हीच गरज आहे.

मग तो मुलगा किंचाळत का उठायचा?

मूल गाढ झोपेतून एकदम अर्धवट जागं झालं, की शरीर उठतं पण मेंदूचा मोठा भाग झोपेतच राहतो. ते ओरडतं, घामाघूम होतं, छाती धडधडते, डोळे उघडे असतात, पण आईलाही ओळखत नाही. काही मिनिटांनी पुन्हा झोपतं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. झोपेत चालणंही याच जातीचं. हे झोप लागल्यावर तासा-दोन तासांत होतं, कारण गाढ झोप तेव्हाच असते. वाईट स्वप्नाचं तसं नसतं. ते बहुधा पहाटे पडतं, मूल पूर्ण जागं होतं आणि काय दिसलं ते सांगतं.

लहान वयात हे बऱ्याच मुलांना होतं आणि वाढत्या वयाबरोबर बहुतेकांचं जातं. जागरणाने ते वाढतं. झोपेची भूक फार साचली की गाढ झोप जास्तच खोल होते, आणि त्यातून बाहेर येताना असा गोंधळ होण्याची शक्यता वाढते. तापातही असं होऊ शकतं.

आजीला मी हे आवणीच्या उदाहरणाने सांगितलं. "दिवसभर चिखलात आवणी करून निजल्यावर तुम्हाला कुणी गदागदा हलवून उठवलं तर क्षणभर कुठं आहोत ते कळतं का? तसंच त्याचं." आजी हसली. म्हणाली, "मंग आता काय करू?" भगताकडे जाऊ नका, असं मी म्हटलं नाही. तिचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि माझ्या एका वाक्याने तो जाणार नाही. मी एवढंच म्हटलं, की आठ दिवस आधी हे करून पाहू, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही एकदा दाखवू.

असं होत असताना मुलाला हलवून, ओरडून, तोंडावर पाणी मारून जागं करू नये. जवळ बसावं, ते पडणार-लागणार नाही एवढं पाहावं. सकाळी त्यावरून चिडवू नये. पण एका रात्रीत अनेकदा होत असेल, हातपाय झटके देत असतील, तोंडातून फेस येत असेल, किंवा मूल मोठ्याने घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

वर्गात करून पाहण्यासारखा उपक्रम

तिसरी-चौथीच्या मुलांना हा विषय आकड्यांतून छान कळतो. एक डिजिटल थर्मामीटर पुरतो.

१. दिवसातून चार वेळा तापमान घ्यायचं : सकाळी उठल्यावर, दुपारच्या सुट्टीआधी, शाळा सुटताना आणि निजण्यापूर्वी. सकाळ-रात्रीच्या नोंदी ज्यांच्या घरी थर्मामीटर आहे ती मुलं घेतील, किंवा शिक्षक स्वतःच्या घेतील.

२. दर वेळी काखेतच मोजायचं, आणि तोच थर्मामीटर वापरायचा. पळून आल्यावर किंवा अंघोळीनंतर लगेच नाही, दहा-पंधरा मिनिटं शांत बसल्यावर. प्रत्येक मुलानंतर थर्मामीटर पुसून स्वच्छ करायचा.

३. तीन-चार दिवसांच्या नोंदी चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी मांडून ठिपके जोडायचे.

४. शेजारी त्या दिवशी किती वाजता झोप लागली, किती वाजता उठलो आणि वर्गात कधी पेंग आली, हे लिहायचं.

फरक थोडा असतो, एखाद्या दिवशी रेघ वाकडीतिकडीही येते. तेही मुलांना दाखवावं. मुलांनी एकमेकांशी तुलना न करता स्वतःच्या सकाळ-संध्याकाळची करावी. माझ्या स्वतःच्या नोंदीत सकाळचा आकडा संध्याकाळपेक्षा रोज खाली आला, तेव्हा मुलांनी विचारलं, "बाई, मग सकाळी तुम्हाला उलटा ताप येतो का?" त्या एका प्रश्नावर अर्धा तास चर्चा झाली. दशांश वाचन, आलेख, आरोग्य, सगळं एकाच उपक्रमात आलं.

शाळेच्या वेळेचा प्रश्न

डिसेंबर २०२३ मध्ये त्यावेळचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळेचा विचार व्हावा, असं सुचवलं. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने सांगितलं, की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. त्यावर बरीच चर्चा झाली. दोन सत्रांत भरणाऱ्या शहरी शाळांच्या अडचणी खऱ्या होत्या.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक साडेदहाच्या आसपास भरतात, त्यामुळे आपल्याला वाटतं हा प्रश्न शहराचा आहे. पण उन्हाळ्यात उष्म्यामुळे सकाळची शाळा करावी लागते, तेव्हा तो आपलाही होतो. उकाड्याने मूल रात्री उशिरा निजतं आणि पहाटे लवकर उठवावं लागतं. शरीराचं तापमान अजून तळाजवळ असतं, मेंदू पूर्ण जागा झालेला नसतो. अशा वेळी पहिल्याच तासाला भागाकार घेतला तर चूक कोणाची? उन्हापासून मुलांना वाचवायलाच हवं, त्यामुळे सकाळच्या शाळेला विरोध नाही. त्या दिवसांत पहिला तास परिपाठ, गाणी, बोलणं, मोकळ्या उजेडातल्या हालचाली यांना द्यावा आणि अवघड भाग नंतर घ्यावा, एवढं आपल्या हातात आहे.

साडेदहाच्या शाळेतही दुपारी एक ते तीनच्या दरम्यान एक मंदी येते. ती फक्त खिचडीमुळे नसते, शरीराच्या तालातही दुपारची उतरण आहे. तेव्हा श्रुतलेखनापेक्षा गटकाम, कृती, मैदान बरं.

पालकांसाठी चार गोष्टी

पहिली, उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीही तासाभराच्या फरकात. सकाळी मुलाला अंगणात, उजेडात पाठवा. घड्याळाची वेळ उजेडानेच जुळते.

दुसरी, शाळेतून आल्यावर डुलकी हवीच असेल तर वीस-पंचवीस मिनिटांची. दोन तासांची नको.

तिसरी, निजण्याआधीचा तास मंद उजेडाचा. मोबाइल बाजूला, हात-पाय कोमट पाण्याने धुतलेले, हवा खेळती, आणि पहाटेसाठी पांघरूण हाताशी.

चौथी, अकराला निजणाऱ्या मुलाला एकदम आठला निजवू नका. निजण्याच्या नेहमीच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर जागं राहायच्या बेतात असतं. मूल नुसतं कुशीवर वळत राहतं आणि आपण त्याच्यावर चिडतो. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा.

शेवटी त्या मुलाबद्दल

त्याच्या घरच्यांशी आम्ही एवढंच ठरवलं, की हंगाम संपेपर्यंत तो तंबूवर नऊपर्यंतच थांबेल आणि संध्याकाळी लांब झोपणार नाही. वडिलांनी थोडी कुरकुर केली, कारण त्यांना एक हात कमी पडणार होता. पण ऐकलं. वर्गात मी त्याला पहिले काही दिवस मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं पडू दिलं. आठ-दहा दिवसांत किंचाळणं थांबलं, पेंगणंही कमी झालं. याच सुमारास पाऊस लागला, काजवे गेले, पर्यटक गेले आणि सगळी वाडीच लवकर निजू लागली. त्यामुळे कशाचा किती गुण आला, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

त्याच्या वहीतला तो शेरा मात्र मी खोडला आणि त्याला समोर बसवून सांगितलं, की बाईंचं चुकलं होतं. आता वर्गात कुणी पेंगलं तर मी आधी तीन प्रश्न विचारते : काल कधी निजलास? मध्ये उठलास का? सकाळी कुणी उठवलं? हे विचारायला एक मिनिट लागतं. उद्या तुमच्या वर्गात किंवा घरात एखादं मूल पेंगताना दिसलं, तर रागावण्याआधी त्याला हे तीन प्रश्न नक्की विचारून बघा.